अर्ध्या कोसाचें इंग्लंड

परक्या देशाची राजधानी पाहावयाची म्हणजे नक्की काय पाहावयाचें, हा प्रश्न प्रवासी क्वचितच स्वतःस विचारतो. त्याच्या हातांत यादी असते. यादींतील एकेका नांवावर काट मारली गेली कीं त्याचें समाधान होतें. जो मनुष्य त्या देशांत कांहीं काळ बिऱ्हाड करून राहिला आहे त्याची गोष्ट निराळी. त्याला बाजार, टपालकचेरी, खोलीची मालकीण आणि पावसाची रिपरिप यांचा परिचय आधीं होतो, व प्रेक्षणीय स्थळें मागाहून येतात. त्याला घाई नसते. म्हणून एखाद्या दगडापुढें तो उगीच उभा राहूं शकतो. आणि दगडापुढें उगीच उभें राहिल्यावांचून दगड बोलत नाहींत.

सन २०१८–१९ मध्यें अभ्यासानिमित्त वर्षभर इंग्लंडांत राहण्याचा योग मला आला. आठवड्याचे पांच दिवस जुन्या कागदपत्रांच्या संगतींत जात. शनिवार मात्र मोकळा असे. अशा एका शनिवारीं सारें लंडन पाहण्याचा हव्यास सोडून एकच रस्ता पाहावयाचा असें मीं ठरविलें. चेअरिंग क्रॉसपासून व्हाइटहॉलमार्गें वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत जाणारा हा रस्ता मैलाहूनहि थोडा कमी, म्हणजे आपल्याकडील जुन्या मापानें जेमतेम अर्धा कोस आहे. सरळ चालत गेल्यास पाव तास पुरतो. मला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला, आणि तोहि अपुरा पडला.

हाच रस्ता निवडण्यास कारण होतें. सतराव्या शतकांत इंग्रज लोकांनीं आपल्या राजावर खटला चालवून भर रस्त्यांत त्याचा शिरच्छेद केला. बारा वर्षांनीं, राजपक्ष पुन्हां बलवान् झाल्यावर, ज्यानें हें घडवून आणिलें त्याचें प्रेत थडग्यांतून उकरून फांसावर लटकविण्यांत आलें. एवढें विखारी भांडण ज्या घरांत झालें, त्याच घरांत दोन्ही पक्षांच्या वंशजांना पुढें एकत्र नांदावयाचें होतें. हें त्यांना कसें साधलें? पुस्तकांच्या आधारें याचें उत्तर वर्गांत सांगतां सांगतां माझीं पंचवीस वर्षें गेलीं आहेत. तेंच उत्तर दगडांत आणि धातूंत कसें लिहिलें आहे तें एकदां पाहावें, अशी इच्छा होती.

ट्रफाल्गर चौकाच्या दक्षिण टोकास वाहनांच्या प्रवाहांत एक लहानसें बेट आहे, व त्यावर पहिल्या चार्ल्स राजाची अश्वारूढ मूर्ति आहे. पाठीमागें नेल्सनचा प्रचंड स्तंभ असल्यामुळें या मूर्तीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक ती त्या स्तंभाहून दोन शतकांनीं वडील आहे. ल स्यूर नांवाच्या फ्रेंच मूर्तिकारानें १६३३ मध्यें ती ओतली, तेव्हां राजा सुखानें गादीवर होता. पुढें यादवी युद्ध पेटलें, राजा हरला, आणि मूर्ति मोडून टाकावी या अटीवर ती जॉन रिव्हेट नांवाच्या एका तांबटास विकण्यांत आली. तांबटानें ती मोडली नाहीं, पुरून ठेविली. मात्र मूर्तीच्या धातूच्या म्हणून सुऱ्यांच्या मुठी वगैरे जिनसा त्यानें विकल्या, अशी कथा सांगतात. राजपक्षाचे लोक त्या पवित्र अवशेष म्हणून घेत, पार्लमेंटचे लोक विजयचिन्ह म्हणून घेत. तांबटाला दोघांचेहि पैसे सारखेच. राष्ट्रें आपला इतिहास जपतात असें आपण मोठ्या आदरानें म्हणतों. पण कित्येकदां तो प्रथम जपतो एखादा व्यवहारी तांबट, आणि राष्ट्राला जाग येते ती मागाहून.

१६६० मध्यें राजाचा पुत्र दुसरा चार्ल्स परत आला. मूर्ति जमिनींतून वर निघाली आणि १६७५ मध्यें या जागीं उभी राहिली. ही जागा सहज निवडलेली नव्हे. राजहत्येच्या अपराधाबद्दल ज्यांना १६६० च्या ऑक्टोबरांत देहान्त प्रायश्चित्त मिळालें, त्यांपैकीं कित्येकांना येथेंच हालहाल करून मारलें होतें. मूर्तीचें तोंडहि व्हाइटहॉलकडे, म्हणजे जेथें राजाचें मस्तक उडविलें गेलें त्या दिशेस आहे. तेव्हां ज्यांनीं ही मूर्ति येथें बसविली त्यांच्या मनांत समेट नव्हता, सूड होता. काळानें मात्र त्या सुडाचा अर्थ पालटला. आज मूर्तीच्या मागें जमिनींत एक पाटी बसविलेली आहे. लंडनहून अमुक गांव इतके मैल असें जें म्हणतात, तें अंतर या ठिकाणापासून मोजतात. ज्या राजाला या शहरानें जगूं दिलें नाहीं, त्याच्या घोड्याच्या पायापासून सारा देश आपलें अंतर मोजतो!

येथून दक्षिणेस वळलें कीं व्हाइटहॉल लागतो. या नांवाचा एक विस्तीर्ण राजवाडा पूर्वीं येथें होता. १६९८ च्या आगींत त्याचा बहुतेक भाग जळाला. उरली ती मुख्यतः एक इमारत, बँक्वेटिंग हाउस. इनिगो जोन्स या शिल्पज्ञानें १६२२ मध्यें ती पूर्ण केली. वरचा दिवाणखाना पाहण्यासाठीं मान मोडेपर्यंत वर पाहावें लागतें, कारण जें पाहावयाचें तें छतावर आहे. रूबेन्सच्या कुंचल्यांतून उतरलेलीं नऊ भव्य चित्रें तेथें बसविलेलीं आहेत. चार्ल्सनें तीं काढवून घेतलीं. मोबदला म्हणून चित्रकाराला तीन हजार पौंड आणि एक सोन्याची सांखळी मिळाली. चित्रांचा विषय चार्ल्सचा पिता पहिला जेम्स याचा गौरव. मधल्या चित्रांत तो वृद्ध राजा देवदूतांच्या आधारानें स्वर्गास चालला आहे. राजा हा ईश्वराचा प्रतिनिधि, त्याला जाब विचारणारें पृथ्वीवर कोणी नाहीं, हें जेम्सचें आवडतें मत. तेंच येथें रंगांत उतरलें आहे. चित्रें वर चढल्यानंतर या दिवाणखान्यांत रात्रीचीं सोंगें व नाट्यें बंद करण्यांत आलीं, कारण दिव्यांच्या धुरानें तीं काळवंडतीं.

३० जानेवारी १६४९ रोजीं, कडाक्याच्या थंडींत, चार्ल्सला याच दिवाणखान्यांतून वधस्तंभाकडे नेलें. थंडीनें अंग कांपलें तर लोक म्हणतील भीतीनें कांपला, म्हणून त्यानें त्या दिवशीं दोन सदरे घातले होते. सकाळीं आणलेल्या राजाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवावें लागलें. कारण असें सांगतात कीं, राजा मेल्याबरोबर त्याच्या पुत्राच्या नांवाची द्वाही फिरेल, ही गोष्ट ऐन वेळीं पार्लमेंटच्या ध्यानांत आली, व तसें करण्यास मनाई करणारा कायदा घाईघाईनें मंजूर करावा लागला. राजाचें डोकें उडविणें सोपें होतें; राजपद उडविणें किती अवघड, हें त्या तीनचार तासांनीं दाखवून दिलें. मग पित्याच्या स्वर्गारोहणाच्या चित्राखालून पुत्र चालत गेला, खिडकीच्या वाटेनें बाहेर बांधलेल्या माचावर आला, आणि एका घावांत सारें संपलें. मारेकऱ्याच्या तोंडावर मुखवटा होता. तो कोण होता हें निश्चितपणें कधींच कळलें नाहीं. समोर हॉर्स गार्ड्सच्या इमारतीवर घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर दोनच्या आंकड्यापाशीं एक काळा ठिपका आहे. तो राजाच्या मृत्यूच्या वेळेची खूण आहे असें म्हणतात. घोडेस्वारांबरोबर छायाचित्रें काढून घेणाऱ्या मंडळींची तेथें मोठी गर्दी होती. त्या ठिपक्याकडे कोणी पाहत नव्हतें.

डाउनिंग स्ट्रीट आणि महायुद्धांतील मृतांचें स्मारक मागें टाकल्यावर उजव्या हातास किंग चार्ल्स स्ट्रीट लागतो. या गल्लीच्या दुसऱ्या टोकास, उद्यानाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर, रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. तो १९१२ मधील, म्हणजे क्लाइव्हच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनीं केलेला. शेजारची टोलेजंग इमारत आतां परराष्ट्रखात्याची आहे. पण १९४७ पर्यंत हिंदुस्थानचा कारभार जेथून चाले तें इंडिया ऑफिस तिच्याच एका भागांत होतें. १८६७ मध्यें तुर्कस्तानच्या सुलतानाचें स्वागत तेथील चौकांत मोठ्या थाटानें झालें, व त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. पाहुणा लंडनचा, यजमान लंडनचा, आणि बिल आमचें! क्लाइव्हच्या चौथऱ्यावर तीन प्रसंग कोरले आहेत: १७५१ चा अर्काटचा वेढा, १७५७ ची प्लासीच्या लढाईची पूर्वसंध्या, आणि १७६५ चा अलाहाबादचा दरबार, जेथें बंगालची दिवाणी कंपनीच्या हातीं आली. अर्काट आणि प्लासी यांच्या मध्यें घडलेला एक प्रसंग येथें नाहीं. मराठी मनुष्याला तो सहज आठवावा असा आहे. त्याची गांठ मला संध्याकाळीं ॲबींत पडावयाची होती.

दुपारीं मी पार्लमेंटच्या इमारतीपाशीं पोहोंचलों. तिचा सुप्रसिद्ध घड्याळाचा मनोरा त्या वर्षीं दुरुस्तीसाठीं लोखंडी परांचींत झांकलेला होता आणि घंटा मुकी होती. त्यामुळें बाहेरच्या देखाव्यांत वेळ न घालवितां मी सरळ वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें गेलों. पार्लमेंटच्या वास्तूंतील हा सर्वांत जुना भाग. १०९७ मध्यें याचें बांधकाम सुरू झालें. लांबी सुमारें २४० फूट, रुंदी ६८ फूट, आणि एवढ्या रुंदीवर मधें एकहि खांब नाहीं. ओक लांकडाच्या तुळया एकींत एक गुंतवून चौदाव्या शतकाच्या अखेरीस तोललेलें छत आजहि शाबूत आहे. १८३४ मध्यें सरकारी हिशेबाच्या जुन्या लांकडी पट्ट्या तळघरांतील भट्टींत जाळीत असतां आग भडकली व भोंवतालचा राजवाडा खाक झाला, हॉल वांचला. १९४१ च्या मे महिन्यांत जर्मन बाँबमुळें कॉमन्स सभागृह आणि हॉलचें छत दोन्ही एकाच वेळीं पेटलीं. दोन्ही वांचविण्याइतकें बळ हाताशीं नव्हतें. सभागृह पुन्हां बांधतां येईल, हें छत पुन्हां होणें नाहीं, असा विचार करून सभागृह जळूं दिलें व हॉल वांचविला. जुन्या वास्तूची किंमत संकटाच्या क्षणीं ज्यांना कळते, त्यांनाच ती खरोखर कळली असें म्हणावें.

हॉलच्या फरशींत आणि पायऱ्यांवर पितळी पाट्या बसविलेल्या आहेत. येथें टॉमस मोर उभा होता, येथें पहिला चार्ल्स उभा होता. राजानें न्यायालयापुढें टोपी काढली नाहीं आणि उत्तरहि दिलें नाहीं. कोणत्या अधिकारानें मला येथें आणिलें आहे, एवढेंच तो विचारीत राहिला. कायद्याच्या दृष्टीनें त्याचा प्रश्न बिनतोड होता, आणि राष्ट्राच्या दृष्टीनें त्याला उत्तर देणें आवश्यक होतें. न्यायाध्यक्ष ब्रॅडशॉ यानें हल्ल्याच्या भयानें आंतून पोलाद बसविलेली टोपी घातली होती. दोन्ही टोप्यांतून त्या खटल्याचें मर्म कळतें: एकाला आपल्या अधिकाराची खात्री होती व दुसऱ्याला आपल्या डोक्याची नव्हती. देहदंडाच्या हुकुमावर एकोणसाठ जणांनीं सह्या केल्या. त्यांत ऑलिव्हर क्रॉमवेलची सही होती.

क्रॉमवेल १६५८ मध्यें मेला आणि राजाच्या इतमामानें ॲबींत पुरला गेला. १६६१ च्या जानेवारींत, राजाच्या वधाच्याच तारखेस, त्याचें प्रेत टायबर्न येथें टांगण्यांत आलें. मस्तक तोडून तें खांबावर खोंचून याच हॉलच्या छपरावर उभें केलें, व तेथें तें वीस वर्षांहून अधिक काळ राहिलें. मग तें खालीं आलें, हातोहात फिरत राहिलें, आणि अखेर १९६० मध्यें केंब्रिज येथील सिडनी ससेक्स कॉलेजांत त्याला माती मिळाली. पण नवल पुढेंच आहे. ज्या हॉलच्या छपरावर त्याचें मस्तक वाळत होतें, त्याच हॉलच्या बाहेर १८९९ मध्यें त्याचा पुतळा उभा राहिला: एका हातांत तलवार, दुसऱ्या हातांत बायबल, आणि मान खालीं झुकलेली. रस्त्यापलीकडे सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतींत एका दारावर पहिल्या चार्ल्सचा लहानसा अर्धपुतळा आहे. राजा आणि राजहंता एका रस्त्याच्या दोन कडांना समोरासमोर आहेत. मधून बसगाड्या जातात.

येथवर आल्यावर कोणाहि प्रवाशाच्या मनांत या राष्ट्राविषयीं आदर उत्पन्न होईल. माझ्याहि मनांत झाला. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें आदराच्या पहिल्या उमाळ्यावर थांबूं नये. क्रॉमवेलच्या पुतळ्याची हकीकत चौकशी करण्यासारखी आहे. १८९५ मध्यें त्याच्या खर्चाचा प्रश्न पार्लमेंटपुढें आला तेव्हां आयरिश सभासदांनीं त्यास कडाडून विरोध केला, व सरकारला तो बेत सोडावा लागला. पुतळा झाला तो लॉर्ड रोझबेरी यांच्या खाजगी पैशानें. आयरिश लोकांच्या विरोधाचें कारण उघड होतें. १६४९ मध्यें ड्रॉएडा आणि वेक्सफर्ड येथें क्रॉमवेलच्या सैन्यानें केलेली कत्तल आयर्लंड विसरलें नव्हतें. म्हणजे राजपक्ष आणि पार्लमेंटपक्ष यांचा समेट झाला, पण ज्या तिसऱ्या घराला या भांडणाची सर्वांत मोठी झळ लागली होती, त्याला समेटाच्या बैठकीस कोणी बोलाविलें नव्हतें. घरांतील वैर विसरणें आणि घराबाहेरचें ऋण मानणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली इंग्रजांनीं उत्तम साधली. दुसरीला वेळ लागला, आणि ती अजून पुरी झालेली नाहीं.

या विचारासरशीं मला एका मराठी गृहस्थाची आठवण झाली. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांना कंपनी सरकारनें १८३९ मध्यें पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले आणि १८५३ पर्यंत, सुमारें तेरा वर्षें, तेथें राहिले. १८४० पासून वेस्टमिन्स्टरच्या जळालेल्या जागीं नवें पार्लमेंट बांधलें जात होतें. १८५२ मध्यें कॉमन्सची सभा नव्या सभागृहांत बसूं लागली. म्हणजे रंगो बापूजींच्या लंडनवासांत हे मनोरे दगडादगडानें वर चढत होते. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्सन यांसारख्या कांहीं न्यायप्रिय इंग्रजांनीं साताऱ्याची तरफदारी केली. परंतु फळ मिळालें नाहीं. १८४७ मध्यें प्रतापसिंह काशीस वारले, पुढें साताऱ्याचें राज्यच खालसा झालें, आणि धनी व दौलत दोन्ही गमावलेला वकील स्वदेशीं परतला. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या पुत्रास साताऱ्यास देहान्त शिक्षा झाली. रंगो बापूजी नाहींसे झाले ते पुन्हां कोणास दिसले नाहींत. ज्या शहरांत त्यांनीं आयुष्याचीं तेरा वर्षें न्याय मागण्यांत घालविलीं, त्या शहराच्या या रस्त्यावर त्यांच्या नांवाचा दगड मला आढळला नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि नमूद केलें पाहिजे कीं पार्लमेंटसमोरच्या चौकांत २०१५ पासून महात्मा गांधींचा पुतळा आहे. त्याच चौकांत ज्यांनीं गांधींचा जन्मभर उपहास केला त्या चर्चिलसाहेबांचाहि पुतळा आहे. ज्या रीतीनें चार्ल्स आणि क्रॉमवेल शेजारी झाले, त्याच रीतीनें हे दोघेहि झाले आहेत. २०२० च्या जूनमध्यें ब्रिस्टल येथें कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा जमावानें पाडून बंदराच्या पाण्यांत लोटला, आणि क्लाइव्हचा पुतळा हलवावा अशीहि मागणी त्या वेळीं झाली. यावरून एवढें खास दिसतें कीं दगडांची रचना एकदां झाली म्हणजे वाद मिटला असें होत नाहीं. प्रत्येक पिढी आपल्या बुद्धीनें तो पुन्हां उघडते.

ॲबींत शिरलों तेव्हां दिवस कलला होता. तेथील राजांच्या आणि कवींच्या थडग्यांचें वर्णन वाचकांनीं पुष्कळ वाचलें असेल. मी दोनच गोष्टी सांगतों. सातव्या हेन्रीच्या चॅपेलमध्यें एलिझाबेथ राणीचें थडगें आहे. त्यावर मूर्ति एकटीची असली तरी आंत दोघी आहेत. तिची सावत्र बहीण मेरी तिच्या खालीं आहे. एकीनें प्रॉटेस्टंटांना जाळलें, दुसरीनें कॅथलिकांना फांशी दिलें. एकीनें दुसरीला कैदेंत टाकलें होतें. थडग्यावरील लॅटिन लेखाचा आशय असा कीं, सिंहासन आणि समाधि यांत सहभागी झालेल्या या दोन बहिणी पुनरुत्थानाच्या आशेनें येथें विसांवल्या आहेत. पलीकडच्या भागांत स्कॉट्सची राणी मेरी आहे, जिचा शिरच्छेद एलिझाबेथच्या हुकुमानें झाला. दोन्ही थडगीं बांधणारा पहिला जेम्स: एकीचा मुलगा आणि दुसरीचा वारस. आईलाहि सोडवत नव्हतें आणि वारसाहि सोडवत नव्हता. त्यानें दोघींना सारख्याच इतमामानें ठेविलें. इंग्रजांच्या समेटाचें बीज मला येथें दिसलें. त्यांत औदार्य आहे, पण वारसा सोडावयाचा नाहीं हा व्यवहारहि आहे.

दुसरी गोष्ट ॲबीच्या उत्तर भागांतील आहे. तेथें ॲडमिरल चार्ल्स वॉटसन याचें संगमरवरी स्मारक आहे. ईस्ट इंडिया कंपनीनें तें उभारलें. वॉटसन रोमन वेषांत, हातांत तालवृक्षाची फांदी घेऊन उभा आहे; एका बाजूस गुडघे टेकलेली स्त्री म्हणजे कलकत्ता, दुसऱ्या बाजूस सांखळदंडांत जखडलेला पुरुष म्हणजे चंद्रनगर. त्यांच्या जोडीला तिसरें नांव कोरलेलें आहे: घेरिया, १७५६ च्या फेब्रुवारींत घेतलें. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. क्लाइव्हच्या चौथऱ्यावर जो प्रसंग नव्हता, तो येथें होता.

तो प्रसंग थोडक्यांत असा. कान्होजी आंगऱ्यांच्या मृत्यूनंतर त्या घराण्यांत फूट पडली. पुढें कुलाब्यास मानाजी आणि विजयदुर्गास तुळाजी असे दोन भाग झाले. तुळाजी शूर होता, समुद्रावर त्याचा दरारा होता; पण तो पेशव्यांस जुमानीत नव्हता, आणि किनाऱ्यावरील मराठी मुलुखासहि त्याचा उपद्रव पोंचत होता. नानासाहेब पेशव्यांनीं १७५५ मध्यें मुंबईकर इंग्रजांशीं करार केला, आणि त्याच वर्षीं सुवर्णदुर्ग पडला. पुढील फेब्रुवारींत वॉटसन आपलें आरमार घेऊन विजयदुर्गच्या खाडींत शिरला. क्लाइव्ह पायदळाचा नायक होता. जमिनीच्या बाजूस पेशव्यांची फौज होती व तुळाजी बोलणीं करण्यासाठीं तिच्या छावणींत गेला होता. इंग्रजांनीं थांबून न राहतां तोफा डागल्या. आग लागली, ती एका गलबतावरून दुसऱ्यावर पसरली, आणि आंगऱ्यांचें आरमार जळून गेलें. क्लाइव्हनें आपलें पायदळ किल्ला आणि मराठी फौज यांच्या मधोमध नेऊन ठेविलें. १३ फेब्रुवारीस किल्ला पडला. सुमारें दहा लाखांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली. वांटणीचें प्रमाण त्यांनीं मुंबईहून निघण्यापूर्वींच ठरवून ठेविलें होतें. विजयदुर्ग पेशव्यांना त्या वर्षाअखेर मिळाला, पण त्याबदल्यांत बाणकोट गेलें. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत पडला आणि कैदेंतच मेला. वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीं अकरा महिन्यांच्या आंत कलकत्ता परत घेतलें, व १७५७ च्या जूनमध्यें प्लासी झाली.

त्या स्मारकापुढें मी बराच वेळ उभा होतों. इंग्रजांवर रागावण्याचें तेथें कारण नव्हतें. कंपनीनें आपल्या सेनापतीचा गौरव करावा हें साहजिकच आहे. मन अस्वस्थ झालें तें निराळ्या कारणानें. सकाळपासून जें पाहिलें तें एका घरांतील भांडण होतें, आणि येथें जें कोरलें होतें तेंहि एका घरांतील भांडणच होतें. इंग्रजांनींहि आपल्या यादवींत स्कॉट लोकांना बोलाविलें होतें. पण ते त्याच राजाचे प्रजाजन होते. आपण बोलाविला तो सात समुद्रांपलीकडचा व्यापारी. ॲबींतील तें नांव म्हणजे आपल्या भाऊबंदकीची तिसऱ्यानें दिलेली पावती होय, आणि ती त्यानें जपून ठेविली आहे.

या प्रसंगाविषयीं आपल्याकडील लेखनांत दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, पेशव्यांनीं स्वतःच्या हातानें मराठ्यांचें आरमार बुडविलें. दुसरा म्हणतो, तुळाजी बंडखोर होता, त्याला शासन करणें हें राज्याचें कर्तव्यच होतें. दोन्ही म्हणणीं खरीं आहेत, आणि म्हणूनच एकटें कोणतेंहि पुरें पडत नाहीं. राज्याची एक शिस्त असावी हा नानासाहेबांचा आग्रह रास्त होता. त्यासाठीं निवडलेलें साधन घातक ठरलें. तुळाजीचें शौर्य खरें होतें. त्याचा बेबंदपणाहि खरा होता. जो लेखक एकाला उजळवून दुसऱ्याला काळा करतो, तो आपल्या वाचकाला त्या दुफळीचा वारस करून सोडतो. अडीचशे वर्षांपूर्वींचें भांडण मग आजच्या घरांत चालू राहतें, आणि पावती ज्याच्या खिशांत आहे तो तिसरा मात्र नजरेआड होतो.

इंग्रजांपासून पुतळे उभारण्याची हौस शिकण्याची आपणांस गरज नाहीं. ती आपल्यांत भरपूर आहे. शिकण्यासारखें असेल तर तें हें कीं, हरलेल्या पक्षाची मूर्ति वितळविण्याआधीं ती पुरून ठेवणारा कोणी तांबट समाजांत असावा. त्याचा हेतु फारसा उदात्त नसला तरी चालेल. आणि न शिकण्यासारखें असेल तर तें हें कीं, घरांतील दोघांचा समेट झाला म्हणजे हिशेब पुरा झाला असें मानूं नये. आयर्लंडचा हिशेब राहिला होता, रंगो बापूजींचा राहिला आहे. विजयदुर्गचा हिशेब मात्र दुसऱ्या कोणाकडे मागावयाचा नसून आपणच आपल्याशीं करावयाचा आहे. त्यासाठीं नानासाहेब आणि तुळाजी या दोघांनाहि आपल्या इतिहासाच्या एकाच पानावर, एकमेकांच्या समोर, उभें करणें अगत्याचें आहे; त्यांतील कोणाचीहि मान आपण स्वतः मुरगाळतां कामा नये.